शांतीचे पदक आणि सुनावणीचा हक्क

८०० मीटरची शर्यत म्हणजे धावपट्टीच्या दोन फेऱ्या. पहिली वेगावर निघते, दुसरीत दम टिकवावा लागतो. २००६ साली दोहा येथील आशियाई क्रीडास्पर्धेत या शर्यतीचे रौप्यपदक भारताला मिळवून दिले ते तामिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यातील शांती सौंदराजन हिने. वीटभट्टीवर राबणाऱ्या दलित मजुरांची ही लेक! शर्यतीनंतर तिची लिंगचाचणी झाली आणि काही दिवसांतच पदक काढून घेण्यात आले. तिच्या शरीराची चर्चा देशभर झाली. तिची बाजू मात्र कोणी ऐकली नाही.

चोरीच्या आरोपीलाही आरोपपत्र मिळते, वकील मिळतो, बाजू मांडता येते. शांतीने तर कोणताच गुन्हा केला नव्हता. निसर्गाने दिलेल्या शरीराने ती धावली. तरीही तिच्या वतीने आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाकडे अपील झाले नाही. २०१२ साली ती पुन्हा वीटभट्टीवर मजुरी करताना दिसली. पुढे ती प्रशिक्षक झाली, पण पदक परत मिळाले नाही.

आता दुसरे प्रकरण पाहा. २०१४ साली ओडिशाच्या द्युती चंदवर अशाच नियमाखाली बंदी आली. तिच्या पाठीशी भारतीय क्रीडा प्राधिकरण उभे राहिले, वकील उभे राहिले. २०१५ साली लवादाने तो नियमच स्थगित केला आणि २०१६ साली ती रिओ ऑलिम्पिकमध्ये धावली. केवळ जातीमुळे शांतीचे पदक गेले, असे आम्ही म्हणत नाही. नियम सर्वांना सारखा असेल. पण नियमाविरुद्ध दाद मागण्याची ताकद सारखी नसते. बाबासाहेबांनी घटनेत नुसते हक्क लिहिले नाहीत, दाद मागण्याची वाटही लिहून ठेवली, ती याचसाठी.

महिलांची स्पर्धा न्याय्य असावी, याबद्दल दुमत नाही. प्रश्न पद्धतीचा आहे. दक्षिण आफ्रिकेची ८०० मीटरची विजेती कॅस्टर सेमेन्या लवादात हरली, तरी लढत राहिली. जुलै २०२५ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने निकाल दिला की, स्वित्झर्लंडमध्ये तिला न्याय्य सुनावणी मिळाली नाही. लढणाऱ्यालाच एवढे तरी मिळते.

१ सप्टेंबर २०२५ पासून जागतिक क्रमवारीच्या स्पर्धांत महिला गटासाठी जनुकीय चाचणी सक्तीची झाली आहे. उद्या आपल्या वस्तीतली एखादी मुलगी या चाचणीला सामोरी जाईल. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. चाचणीआधी मुलीला तिच्या भाषेत सर्व समजावून सांगा. अहवाल गुप्त ठेवा, त्याची प्रत तिला द्या आणि अपिलासाठी सरकारी खर्चाने वकील द्या.

आणि एक प्रश्न स्वतःलाही. २००६ साली खैरलांजीसाठी आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण त्याच वर्षी शांतीसाठी आपल्यातला एकही वकील का उभा राहिला नाही? पुढच्या वेळी हा प्रश्न आपल्याला कोणी विचारू नये, एवढी तयारी आजच करू या. जयभीम!