अनारशांना जकात, आकाशाला माफी

नवरात्र बसले की माझी थोरली बहीण दिवाळीचा फराळ करायला घेते. आळीतले लोक हसतात. पण तिचा मुलगा न्यू जर्सीत असतो आणि टपालाच्या डब्याला समुद्र ओलांडायला वेळ लागतो, हे हसणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. 2025 च्या नवरात्रात तिने असाच डबा भरला. तळाशी चिवडा, मध्ये चकल्या आणि वर, मोडू नयेत म्हणून, अनारसे. डबा मळक्या कापडात शिवून ती टपालकचेरीत गेली, तर खिडकीतल्या कारकुनाने मोठ्या अदबीने सांगितले, "ताई, अमेरिकेचे टपाल सध्या बंद आहे."

त्या बिचाऱ्याचा काय दोष? आठशे डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली करमाफी अमेरिकेने 29 ऑगस्टपासून काढून घेतली होती. आपल्या मालावरचा अमेरिकेचा कर तर ऐन गणेशचतुर्थीला, 27 ऑगस्टला, पन्नास टक्क्यांवर गेला होता. हा कर वसूल कोणी करायचा आणि कसा, हेच ठरलेले नसल्यामुळे आपल्या टपालखात्याने 25 ऑगस्टपासून बहुतेक पार्सले आणि महिनाअखेरीस सगळेच टपाल थांबवले. 15 ऑक्टोबरला ते पुन्हा सुरू झाले तेव्हा वसुबारस दोन दिवसांवर आली होती आणि डबा आमच्याच घरी फस्त झाला होता.

खरी गंमत पुढेच आहे. डबा परत आला त्याच संध्याकाळी भाचा फोनवर दिसू लागला. "मामा, झाकण उघडून दाखवा तरी!" मी दाखवले. अनारशावरची खसखससुद्धा त्याला तिकडे मोजता येत होती. त्या चित्राला कोणी वजनकाट्यावर घातले नाही, कोणी किंमत विचारली नाही, कोणी फॉर्म भरून घेतला नाही. अनारसा अडला आणि अनारशाचे चित्र सात समुद्र ओलांडून गेले.

घरगुती चित्रावर कर बसावा असे कोणी म्हणणार नाही. पण त्याच वाटेने विकत घेतलेली गाणी येतात, सिनेमे येतात, पुस्तके येतात, कारखाने चालवणाऱ्या आज्ञावल्या येतात. अब्जावधींचा माल येतो-जातो. त्या वाटेवर नाका का नाही? मी पडलो शाळामास्तर. मॅट्रिकच्या पुढे कॉलेजची पायरी चढलो नाही. तरी मास्तराला प्रश्न पडला की तो उत्तर शोधल्याशिवाय राहत नाही.

उत्तर असे की, हा नाका विसरला गेलेला नाही. तो बांधायचा नाही असे ठरवले गेले. मे 1998 मध्ये जिनिव्हा येथे जागतिक व्यापार संघटनेच्या मंत्र्यांनी जाहीर केले की, इलेक्ट्रॉनिक मार्गाने जाणाऱ्या-येणाऱ्या गोष्टींवर सीमाशुल्क न लावण्याची प्रथा तूर्त चालू ठेवावी. 'तूर्त' म्हणजे पुढच्या परिषदेपर्यंत. वाचकहो, त्या तूर्ताला पंचवीस वर्षांहून अधिक आयुष्य लाभले! परिषदेमागून परिषदा झाल्या आणि मुदत वाढत गेली. 2022 मध्ये जिनिव्हात वाढली, 2024 मध्ये अबू धाबीत वाढली. आमच्या गावात तात्पुरता म्हणून घातलेला मांडव जसा पुढे कायमचा होतो आणि मग त्याखालच्या जागेचा मालक कोण हेच लोक विसरतात, तद्वत हे झाले. भारताने आणि दक्षिण आफ्रिकेने या मुदतवाढीला वारंवार हरकत घेतली, हे आपल्या प्रतिनिधींच्या बाजूने नमूद केलेच पाहिजे. पण हरकत नोंदवायची आणि शेवटी मान हलवायची, असेही वारंवारच झाले.

1998 मध्ये तारेवरून जाणारा माल होता तरी किती? त्या वेळी ही माफी म्हणजे पाळण्यातल्या बाळाला तिकीट माफ करण्यासारखी होती. बाळ पुढे पहिलवान झाले, अख्खी आगगाडी त्याने व्यापली, आणि तिकीट मात्र माफच! माझाच धंदा घ्या. 2019 च्या अर्थसंकल्पात बाहेरून येणाऱ्या छापील पुस्तकांवर पाच टक्के सीमाशुल्क बसवण्यात आले. तेच पुस्तक कागद टाकून विजेच्या वाटेने आले, तर शुल्क शून्य. कागदाला कर आणि अक्षराला माफी, असा हा न्याय आहे.

आता विरुद्ध बाजूचे विद्वान काय म्हणतात तेही ऐकू. पहिला आक्षेप हा की, या माफीने नुकसान असे काही होतच नाही. 2019 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंक्टाड या संस्थेच्या एका अभ्यासाने गरीब देशांचे संभाव्य नुकसान वर्षाला सुमारे 10 अब्ज डॉलर काढले. श्रीमंत देशांच्या ओईसीडीने ते अगदी किरकोळ ठरवले. आकड्यांचा हा तंटा मी सोडवू शकत नाही. एवढे मात्र विचारतो, की नुकसान किरकोळ असेल तर ही माफी कायमची करून घेण्यासाठी एवढी धावपळ कशाला? भंगाराच्या दुकानाला कोणी सात कुलपे लावत नाही.

दुसरा आक्षेप असा की, या सेवांवर आपण जीएसटी घेतोच. घेतो, खरे आहे. पण जीएसटी घरच्याला आणि परक्याला सारखाच. घरच्या नव्या रोपाला चार दिवस कुंपण घालावे, ही सोय त्यात नाही. ती सीमाशुल्कातच आहे.

तिसरा आक्षेप वजनदार आहे. आपलेच संगणक-अभियंते पुण्यात आणि बंगळुरात बसून जगाला सेवा विकतात; आपण नाके उभारले तर जगही उभारील, आणि वाढलेली किंमत शेवटी आपल्याच मुलांना मोजावी लागेल. हे मला पूर्णपणे मान्य आहे. उद्या कोणी प्रत्येक गाण्यावर आणि प्रत्येक पुस्तकावर कर बसवू लागला, तर त्याच्याविरुद्धही मी याच आवेशाने लिहीन. पण नाका बांधणे वेगळे आणि नाक्याची जागा कायमची लिहून देणे वेगळे. मी कर मागत नाही. कर लावावा की लावू नये हे ठरवण्याचा हक्क घरात ठेवा, एवढेच म्हणतो.

हा भेद इंडोनेशियाने फार शहाणपणाने ओळखला होता. 2018 मध्ये त्या देशाने आपल्या जकातीच्या यादीत अशा अमूर्त मालासाठी एक स्वतंत्र प्रकरण उघडले आणि त्यावरचा दर ठेवला शून्य! नाका बांधला, वही ठेवली, पण पैसा घेतला नाही. फक्त जागा राखली. पुढे जुलै 2025 मध्ये काय झाले? इंडोनेशियाच्या मालावर बत्तीस टक्के कर बसवण्याचा धाक अमेरिकेने घातला होता; तो एकोणीसवर आणताना जो संयुक्त मसुदा निघाला, त्यात इंडोनेशियाने हे प्रकरण रद्द करण्याचे आणि ही माफी कायमची करण्याला पाठिंबा देण्याचे कबूल केले. ज्या नाक्यावर एक दमडी गोळा होत नव्हती, तो पाडून घेण्यासाठी एवढा आटापिटा! हक्काची किंमत आपल्यापेक्षा समोरच्यालाच अधिक कळते, ती अशी.

हीच आजची मुत्सद्देगिरी. न दिसणाऱ्या मालाची वाट मोकळी करून घेण्यासाठी दिसणारा माल ओलीस धरायचा. आपल्याही वाट्याला ते आले आहे. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरातींवर आपण 2016 मध्ये सहा टक्के आणि इतर ऑनलाइन विक्रीवर 2020 मध्ये दोन टक्के आकारणी सुरू केली. या दोन टक्क्यांवर अमेरिकेने चौकशी बसवली, आणि 2021 मध्ये बदल्याच्या करासाठी जी यादी पुढे आली तिच्यात कोळंबी होती, बासमती होती, दागिने होते. फोनवरची जाहिरात आणि खाडीतली कोळंबी यांचा संबंध काय? काही नाही. पण पहाटे जाळे ओढणाऱ्याच्या पोटावर पाय दिला की दिल्लीतल्या मेजावर कागद हलतो, हा संबंध त्यांनी बरोबर जोडला होता. कर जाहीर झाले, लगोलग स्थगित झाले, नोव्हेंबर 2021 मध्ये तडजोड झाली. पुढे ऑगस्ट 2024 पासून दोन टक्के गेले आणि एप्रिल 2025 पासून सहा टक्केही गेले. तो कर चांगला होता असे मी म्हणत नाही. पण तो का आला आणि का गेला, याची चर्चा आपल्यापैकी किती घरांत झाली?

आठवीच्या वर्गात मी 1717 चे फर्मान शिकवतो. बादशहा फर्रुखसियरने वर्षाला तीन हजार रुपये घेऊन बंगालमधला व्यापार इंग्रज कंपनीला जकातमाफ करून दिला. दरबाराला वाटले, क्षुल्लक गोष्ट आहे. पुढे कंपनीचे नोकर त्याच दस्तकांवर स्वतःचा खासगी मालही फुकट नेऊ लागले आणि देशी व्यापारी जकात भरून भरून बुडाला. नवाब मीर कासीमने 1763 मध्ये वैतागून सगळ्यांचीच जकात उठवली, तर कंपनीला तेही खपले नाही. त्याची परिणती बक्सारच्या लढाईत झाली. आजची कंपनी तोफा घेऊन आलेली नाही, हे मला कळते. पण माफी देताना मुदत आणि मर्यादा लिहून घ्यावी, हा धडा तोफांचा नाही, हिशेबाचा आहे. एका मुलीने वर्गात विचारले होते, "सर, मग फर्मान देताना लोकांना कोणी विचारले नव्हते का?" मी म्हणालो, "बाळ, तेव्हा बादशाही होती."

आज बादशाही नाही. म्हणून माझे मागणे साधे आहे. असला कोणताही करार सहीला जाण्यापूर्वी त्याचा अर्थ लोकांच्या भाषेत, मराठीत, छापला जावा; संसदेत त्यावर दिवसभर बोलले जावे; आणि 'तूर्त' या शब्दापुढे प्रत्येक वेळी तारीख असावी. कोळंबी विकणाऱ्याला आणि अनारसे तळणारीला त्यात बोलायला जागा असावी, कारण दंड शेवटी तेच भरतात.

फराळाचे ताट समोर घेऊन हे वाचत असाल, तर अनारसा गोड मानून घ्या. ताईने यंदाही नवरात्रातच डबा भरला आहे. आत कागदाच्या घडीत तिने एक चिठ्ठी ठेवली आहे. त्यातला मजकूर तिने आधीच फोनवर वाचून दाखवला आहे, तरीही. मी विचारले, "मग चिठ्ठी कशाला?" ती म्हणाली, "डब्याबरोबर गेली पाहिजे. आपला हक्क आहे तो."