बारा व्होल्टला कोण घाबरतं?

आमच्या खाडीकाठच्या गावात मामूंनी लहान होडीला विजेची मोटर बसवली. पेट्रोलचा खर्च वाचला, आवाज गेला, घरचे खूश. मी बॅटरीपासून मोटरीपर्यंत तार पाहत गेलो, तर मध्ये ब्रेकर कुठेच नाही. विचारलं तर मामू हसले. "अरे, बारा व्होल्ट तर आहेत. हात लावलास तरी झटका बसत नाही. त्याला कसला ब्रेकर?"

हा समज एकट्या मामूंचा नाही. मोटर विकणाऱ्यानेही त्यांना ब्रेकरबद्दल चकार शब्द सांगितला नव्हता.

बारा व्होल्टने झटका बसत नाही, हे खरं. पण तार पेटते ती प्रवाहाने. 600 वॅटची मोटर घरच्या 230 व्होल्टवर तीन अँपियरसुद्धा घेणार नाही. 12 व्होल्टवर ती 50 अँपियर घेते. तार घासून शॉर्ट झाली, तर गाडीत असते तशी साधी बॅटरीही क्षणात शेकडो अँपियर सोडते. तार लाल होते, आवरण पेट घेतं. घराला आग लागली तर आपण अंगणात धावतो. होडीतून कुठे धावणार?

ब्रेकर मोटरीसाठी असतो असं लोकांना वाटतं. खरं तर तो आधी तारेला वाचवतो. म्हणून त्याची जागा पॉझिटिव्ह तारेवर, बॅटरीच्या अगदी जवळ. अमेरिकेतील बोटींच्या मानकात हे अंतर साधारण 7 इंच आहे. तार नळीत बंदिस्त असेल तर थोडी सूट मिळते. ब्रेकर मोटरीकडच्या टोकाला लावला, तर मधली सगळी तार बेवारस राहते.

आकार निवडताना दोन मर्यादा पाळायच्या: मोटरीच्या कमाल प्रवाहापेक्षा थोडा मोठा, पण तारेला सोसवेल त्याहून मोठा नाही. 50 अँपियरच्या मोटरीला 60 चा ब्रेकर, आणि बॅटरी तीन मीटरवर असेल तर 16 चौरस मिलिमीटरची तांब्याची तार चालेल.

घरातला एमसीबी काढून होडीत लावू नका. घरचा एसी प्रवाह सेकंदाला 100 वेळा शून्यावर येतो, त्यामुळे तुटताना पडणारी ठिणगी विझते. बॅटरीचा डीसी प्रवाह शून्यावर येतच नाही. ठिणगी जळत राहू शकते. ब्रेकरवर 'डीसी' आणि व्होल्टेज छापलेलं पाहून घ्या. + आणि − च्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा. होडीत पेट्रोलही असेल, तर ठिणगीने वाफ पेटू न देणारा, म्हणजे 'इग्निशन प्रोटेक्टेड' ब्रेकरच हवा. काम सुरू करण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, आणि ती सर्वांत शेवटी जोडा.

आपोआप पुन्हा चालू होणारा ब्रेकर तर नकोच. पंख्यात जाळ्याचा दोरा अडकला की प्रवाह वाढतो आणि ब्रेकर पडतो. आपण हात घालून दोरा सोडवत असताना त्याने स्वतःहून वीज जोडली, तर बोटं जातील. हाताने चालू करायचाच घ्या, आणि दोरा काढण्याआधी तो बंद करून बॅटरीची तारही सोडवा.

पण खरा दोष आपल्या सवयीत आहे. घरचा फ्यूज दोनदा उडाला की आपण त्यात जाड तार घालतो आणि प्रश्न सुटला म्हणतो. ब्रेकर पडतो म्हणून मोठा लावणं हा तोच प्रकार. तो का पडला, हे आधी शोधायला हवं. आणि विकणाऱ्यांनीही ब्रेकर मोटरीच्या किमतीतच धरून द्यावा. मोटरीवर हजारो रुपये घालणारा माणूस हा खर्च नाकारतो, कारण त्याची गरज त्याला कोणी समजावून सांगितलेलीच नसते.

मामूंच्या होडीला आम्ही ब्रेकर बसवला. महिनाभरात नायलॉनचा दोरा पंख्यात गुंतला आणि ब्रेकर पडला. मामूंचा फोन आला, "तुझ्या ब्रेकरने होडी खाडीच्या मध्येच थांबवली."

मी म्हटलं, "मामू, त्याला त्याचसाठी बसवलाय."