ॲक्टिनियमचा तुटवडा आणि थोरियमचे भांडार

वाराणसी : बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास बांधलेल्या शिंदे घाटाला लागूनच मणिकर्णिका आहे. मरणासाठी काशीला येण्याची परंपरा तिथे आजही दिसते. याच शहरात आता जगण्यासाठी येणारेही थोडे नाहीत. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राने २०१८ मध्ये लहरतारा येथे आणि २०१९ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठाच्या आवारात कर्करोग रुग्णालये सुरू केली आणि पूर्व उत्तर प्रदेश व बिहारमधील अनेक रुग्णांची परळची वारी टळली. रुग्णालय रुग्णाजवळ आणता आले. मात्र कर्करोगतज्ज्ञांचे लक्ष वेधून घेणारे ॲक्टिनियम-२२५ इतक्या सहजी आणता येत नाही.

आंद्रे-लुई देबिएर्न यांनी १८९९ मध्ये पॅरिसमध्ये शोधलेले हे किरणोत्सारी मूलद्रव्य निसर्गात नसल्यातच जमा आहे. खनिजातील एक टन युरेनियममागे ते जेमतेम ०.२ मिलिग्रॅम सापडते आणि तेही २२७ भाराचे. उपचारांना लागणाऱ्या २२५ भाराच्या समस्थानिकाचे अर्धायुष्य सुमारे दहा दिवसांचे असून त्याच्या क्षयसाखळीत चार अल्फा कण बाहेर पडतात. अल्फा कण शरीरात मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही अंतर कापत नाही, पण वाटेत आलेल्या पेशीतील डीएनएचे दोन्ही धागे तोडतो. त्यामुळे कर्कपेशीला नेमका चिकटणारा रेणू वाहक म्हणून वापरला, तर शेजारच्या निरोगी पेशी बऱ्याच अंशी वाचतात.

जर्मनीतील हायडेलबर्गच्या डॉक्टरांनी २०१६ मध्ये प्रोस्टेटच्या शरीरभर पसरलेल्या कर्करोगाच्या दोन रुग्णांत या उपचाराने रोगाच्या खुणा दिसेनाशा झाल्याचे नोंदवले. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतही त्याचा वापर झाला आहे. तरी हा रामबाण नव्हे. लाळग्रंथींना इजा होऊन तोंड कायमचे कोरडे पडू शकते. शिवाय अल्फा कण सुटतानाच्या धक्क्याने उरलेला अणू वाहकापासून निसटून मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतो. ही पद्धती अजून प्रामुख्याने चाचण्यांच्या टप्प्यावर आहे.

खरी अडचण पुरवठ्याची. थोरियम-२२९ पासून मिळणारे जगाचे वार्षिक उत्पादन दीर्घकाळ सुमारे ६३ गिगाबेकरेल एवढेच राहिले. ७० किलो वजनाच्या रुग्णाला एका वेळी साधारण ७ मेगाबेकरेल मात्रा धरली, तर कागदावर ९,००० मात्रा होतात. प्रत्यक्षात एका रुग्णाला अनेक मात्रा लागतात आणि साठा रोज सुमारे ७ टक्क्यांनी घटतो. विमानतळावर किंवा परवान्यासाठी तीन दिवस गेले, की जवळजवळ पाचवा हिस्सा संपलेला असतो. भारतातील रुग्णांना मिळालेले ॲक्टिनियम मुख्यतः परदेशातून आलेले आहे. प्रवेगकात थोरियमवर प्रोटॉनचा मारा करूनही ते बनवता येते, पण त्यात २२७ भाराची भेसळ राहते. तिचे अर्धायुष्य जवळपास २२ वर्षांचे असल्याने रुग्णालयाच्या कचऱ्याचा नवा प्रश्न उभा राहतो.

हे सारे थोरियमसंपन्न भारताबाबत घडावे, हे विचित्र आहे. केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट वाळूत थोरियम आहे; त्यापासून अणुभट्टीत युरेनियम-२३३ तयार होते आणि कल्पाक्कमची ‘कामिनी’ अणुभट्टी १९९६ पासून त्याच इंधनावर चालते. हेच युरेनियम क्षय पावत थोरियम-२२९ बनते व त्यातून ॲक्टिनियम. वाळूचे काम करणारी कंपनी, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टाटा स्मारकाची रुग्णालये हे तिन्ही दुवे एकाच अणुऊर्जा विभागाच्या छत्राखाली आहेत.

निसर्ग मात्र घाई करत नाही. एक किलो युरेनियम-२३३ पासून वर्षाला सुमारे चार मिलिग्रॅम थोरियम-२२९ साठते. सोबतच्या युरेनियम-२३२ च्या वंशजांतून तीव्र गॅमा किरण निघत असल्याने जाड संरक्षक भिंतींआडच काम करावे लागते. त्यात हे युरेनियम शस्त्रोपयोगी असल्याने त्याचा साठा कडक पहाऱ्यात असतो. त्यातून औषधासाठी किती वेगळे काढायचे, हा निर्णय डॉक्टरांच्या हातातला नाही.