माफीचा जामीनदार

'माफीचा साक्षीदार' या १९८६ च्या चित्रपटाचा विषय निघाला की लोक एकच बोलतात, "काय ते नाना पाटेकरचे डोळे!" माझं या लोकांशी भांडण आहे. चित्रपटाचं नाव 'नानाचे डोळे' नाही. ते साक्षीदाराचं आहे, आणि त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

तो बेतलेला आहे पुण्याच्या जोशी-अभ्यंकर खून खटल्यावर. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात दहा खून, आणि करणारे टिळक रस्त्यावरच्या अभिनव कला महाविद्यालयातले विद्यार्थी. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली. वडील सांगत, तिकडे पुण्याला कडी लागली की इकडे जुन्नरात आमची आजीही लावी. 'अनोळखी माणसाला दार उघडू नये' हा धडा मला त्या कडीबरोबर वारशात मिळाला.

पण पहिला बळी अनोळखी माणसांनी घेतलाच नव्हता! तो त्यांच्याच कॉलेजातला मुलगा. त्याला कडी काय करणार? आणि त्या पहिल्या गुन्ह्यात आणखी एक मित्र सामील होता, तोच पुढे माफीचा साक्षीदार झाला. मला भीती वाटते ती याची. दोस्तांबरोबर निघालेला माणूस नेमक्या कुठल्या वळणावर 'मी येत नाही' म्हणायचं विसरतो? 'वाईट संगत धरू नये' म्हणणाऱ्यांनी हे एकदा सांगावं. संगत काय कपाळावर पाटी लावून येते?

कुठे खून आणि कुठे आमचं मंचरच्या शाखेतलं टेबल, हे मला कळतं. तरीही सांगतो. संध्याकाळच्या एसटीत एक गृहस्थ माझ्यासाठी रुमाल टाकून जागा धरू लागले. नारायणगावला टोमॅटोचा व्यापार, असं ते म्हणत. दुसऱ्या आठवड्यात चहाचे पैसे त्यांनी दिले. तिसऱ्या आठवड्यात मी 'साहेबां'चा 'दादा' झालो. चौथ्यात एका पतसंस्थेच्या कागदावर जामीनदार म्हणून माझी सही होती. वीस वर्षं काउंटरवर लोकांना 'जामीन राहताना विचार करा हो' असं बजावणारा मी, बी.कॉम.! नाही म्हणायचं अगदी ओठांवर आलं होतं, पण त्यांनी पेनचं टोपणसुद्धा काढून दिलं. एवढं केल्यावर नाही कसं म्हणायचं?

आता हप्ता माझ्या पगारातून कापला जातो आणि एसटीत मी उभा असतो.

घरात सगळे त्या माणसाला शिव्या घालतात. ही म्हणते, "मेल्याच्या डोळ्यांतच दिसत होतं." पुन्हा डोळे! अहो, चांगले सरळ डोळे होते. चष्मा होता, वाचायचा. सही कोणी केली, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही विषय काढत नाही.

परवा रविवारी तो चित्रपट पुन्हा लावला. ही म्हणाली, "परत त्या नानाला बघताय?"

"नाही," मी म्हटलं, "दुसऱ्याला."