सिस्टर टेबलाशी का बसते?

‘सिस्टर नुसत्या लिहीत बसतात’ ही तक्रार बीड जिल्ह्यातल्या सरकारी दवाखान्यांच्या व्हरांड्यांत नेहमीची. उपायही ठरलेला: हजेरी कडक करा, वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण द्या. हे निदान साफ चुकीचं आहे.

लिहिणं हे सिस्टरचं कामच आहे. रात्री कोणतं इंजेक्शन दिलं, लघवी किती झाली, हे कागदावर नसेल तर सकाळी ओव्हर, म्हणजे पाळीचा ताबा, घेणारीने कशावर विसंबायचं? अमेरिकेत 36 रुग्णालयांत वेळ मोजून 2008 साली निष्कर्ष छापले गेले: नोंदींना 35 टक्के वेळ, प्रत्यक्ष शुश्रूषेला जेमतेम 19. आपल्याकडे त्यावर चादरींची मोजदाद, औषधांचा इंडेंट, रिपोर्टसाठी हेलपाटे, आणि मामा-मावशी (वॉर्डबॉय, आया) नसतील तेव्हा स्ट्रेचरही. यातल्या कशालाच नर्सिंगचं शिक्षण लागत नाही.

दुसरा दावा, निकष पाळले की झालं. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष अध्यापन रुग्णालयाला तीन रुग्णांमागे एक परिचारिका देतो. तीन पाळ्यांत वाटली की एका वेळी नवांमागे एक. शिवाय रजेसाठी 30 टक्के जादा पदं धरलेली आहेत. ती रिकामी ठेवायची आणि सिस्टरला चपळाई शिकवायची, हा अन्याय आहे. 2022 च्या मे महिन्यात राज्यातल्या परिचारिका कंत्राटी भरतीविरुद्ध संपावर गेल्या, ते योग्यच होतं. वॉर्ड अंगवळणी पडेपर्यंत करार संपणार असेल, तर वेळ वाचणार कसा?

बीडमध्ये याची झळ अधिक. कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे गाळप हंगाम संपला, की ऊसतोड कुटुंबं परततात, महिनोन्‌महिने अंगावर काढलेली दुखणी घेऊन. इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 साली गाजला; आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. अशा बाईच्या खाटेशी बसून कोणतं औषध कशाचं, ऑपरेशन खरंच लागणार का, डॉक्टरांना काय विचारायचं, हे समजावणाऱ्या सिस्टरची दहा मिनिटं कुठल्याच रजिस्टरात दिसत नाहीत. माझ्या मते पाळीतला सर्वांत मोलाचा वेळ तोच, आणि गर्दी वाढली की पहिल्यांदा तोच कापला जातो.

म्हणून प्रत्येक वॉर्डाला कारकून द्या, इंडेंट आणि चादरी त्याच्याकडे सोपवा. औषधं वाटताना सिस्टरला कुणीही, अगदी डॉक्टरांनीही, हाक मारू नये. ओव्हरचा वेळ ड्युटीत धरा. पट्ट्यानंतरच्या महिन्यांसाठी ड्युटीचा तक्ता वेगळा हवा, आणि तो मेट्रनने वॉर्डातल्या सिस्टरना विचारून लावावा. सुरुवात अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातून करता येईल; खेड्यातल्या रुग्णासाठीच ते उभं राहिलं आहे.