वाघ दिसला नाही, ठीकच झाले

गेल्या जानेवारीत आमच्या महाविद्यालयाची वनभ्रमंती निघाली होती. परतताना बसमध्ये एकच सूर होता : "दिवसभर पाय तुडवले, आणि वाघ काही दिसला नाही !" मित्रहो, त्या तक्रारीविषयी मला चार शब्द लिहावयाचे आहेत.

टिपेश्वर अभयारण्यात पायी हिंडता येत नाही, जिप्सीत बसावे लागते. म्हणून आम्ही अभयारण्याबाहेरच्या, घाटंजीकडच्या डोंगराळ रानातून चाललो. बरोबर एक वनरक्षक आणि पोडावरचा एक कोलाम वाटाड्या होता. टेकडीवरून दिसणाऱ्या सागाच्या रांगा, खालची काळी वावरे, हे सारे सुंदर होतेच. वर्णन इतर लेखक करतील. मला आठवतो तो वाटाड्या. फोडलेले वारूळ दिसताच तो थांबला. रात्री अस्वल येऊन गेले म्हणाला. पुढे त्याच अस्वलाची विष्ठा दाखवली, तीत बोरांच्या बिया होत्या. चितळांचा कळप आमच्याआधी त्याने ऐकला. रोही तर आम्हांला बोट दाखवूनही उशिरा दिसली. नाल्याच्या ओल्या मातीत पंजाचा ठसा होता. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "ताजं हाये. आता मांगं फिरा."

मंडळी नाराज झाली. मला मात्र हायसे वाटले. का, ते सांगतो.

माझे गाव राळेगाव तालुक्यात आहे. त्या भागातील तेरा माणसांचे बळी ज्या वाघिणीच्या नावावर मांडले गेले, ती 'अवनी' 2 नोव्हेंबर 2018 रोजी गोळी घालून मारली गेली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. कापूस वेचणीचे दिवस. माय आणि इतर बाया घोळक्याने वावरात जात, डबे बडवीत, आणि ऊन कलायच्या आत परतत. बाबांना मात्र रात्रीच ओलिताला जावे लागे, कारण पंपाची वीज रात्री येई. ते परतेपर्यंत माय दारात बसलेली असे. वाघीण मेल्याची बातमी आली तेव्हा गावात फटाके फुटले आणि ते फोडणाऱ्या पोरांत मीही होतो. शहरांत त्याच वेळी लोक तिच्यासाठी हळहळत होते. आज मला दोघांचेही कळते. पण ज्याने एकही रात्र दारात बसून काढली नाही, त्याने आम्हांला क्रूर म्हणू नये, एवढे वाटते.

आणि वाघाचे तरी काय ? 2019 साली टिपेश्वरचा एक पट्टेवाला नर, गळ्यात रेडिओ कॉलर असलेला, जोडीदारीण आणि हक्काचे रान शोधीत तेलंगणातून, नांदेड-हिंगोलीकडून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यापर्यंत गेला. 1300 किलोमीटरांहून अधिक चाल ! टिपेश्वरचे क्षेत्र दीडशे चौरस किलोमीटरांच्या आतच आहे. तिथे जन्मलेल्या तरुण वाघांनी बाहेर पडायचे ते आमच्या तुरीतूनच ना ? तेव्हा वावरातून जाणारा वाघ आणि वावरात राबणारा माणूस यांनी एकमेकांना टाळावे कसे, हा खरा प्रश्न. तो ज्याला रोज सोडवावा लागतो, असा माणूस त्या दिवशी आमच्यापुढे चालत होता. आम्ही त्याला "वाघ कुठे आहे ?" याखेरीज काही विचारले नाही. आमच्या सभागृहात वर्षाकाठी कितीतरी व्याख्याने होतात, शाली-श्रीफळ दिले जाते. प्राध्यापकांना माझी विनंती आहे की, पुढच्या वर्षी भ्रमंतीच्या आधी अशा एखाद्या वाटाड्याला त्याच व्यासपीठावर बोलवावे. भाषण त्याला येणार नाही कदाचित. नकाशावर खडूने वाटा काढून दाखवील, तेही पुरे.

सुट्टीत घरी गेल्यावर बाबांना सहलीचे सांगितले. ते हसले. "पैसे देल्ले काय बे वाघ पाहाले ? आपल्या वावरात तं तो फुकटच येते." मग थोडे थांबून त्यांनी विचारले, त्या वाटाड्याला दिवसाचे किती मिळाले ?

मी ते विचारलेच नव्हते.