आमच्या भिंतींवरचे परके बगीचे

गतवर्षीच्या नाताळात मराठवाड्यातील एका धर्मग्रामाच्या सभागृहात जाण्याचा योग आम्हांला आला. गव्हाणीच्या मागे भिंतभर एक फ्लेक्स ताणून बसवला होता. त्यावर बर्फाची शिखरे, त्यांच्या पायथ्याशी निळे सरोवर, सरोवराच्या काठी पांढऱ्या शिडांच्या नौकांचे बंदर आणि अगदी पुढे ट्युलिपचे लाल-पिवळे ताटवे होते. तेथे जमलेल्या दोन-अडीचशे माणसांपैकी कोणी ट्युलिपचे फूल जमिनीत उगवलेले पाहिले असेल, असे आम्हांला वाटत नाही. बाहेर, सायकली लावण्याच्या जागेलगतच्या पडवीत, चार जलरंगचित्रे भिंतीला टेकवून ठेवली होती. एकात फुललेला पळस होता, दुसऱ्यात रस्त्याकडेचा तरवड, तिसऱ्यात पडक्या विहिरीजवळची परसबाग आणि चौथ्यात वसईच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी एका अंगावर कललेल्या होड्या. त्याच धर्मग्रामातील एका तरुणाने ती काढली होती. त्याने चौकटींचा खर्च तेवढा मागितला होता. त्याला उत्तर मिळाले, “ही तर नुसती सीनरी. यात धार्मिक काय आहे?” फ्लेक्सचे पैसे मात्र कोणतीही घासाघीस न करता चुकते झाले होते.

हा लेख त्या चार चित्रांच्या बाजूने आहे. बागा, रानफुले आणि बंदरे रंगवणाऱ्या आजच्या चित्रकारांवर आमच्या समाजात तीन आरोप केले जातात. चित्र धार्मिक नाही, हा पहिला. दुष्काळी मुलखात फुले रंगवणे म्हणजे वास्तवापासून पळणे, हा दुसरा. असली चित्रे जुनाट आणि दिवाणखान्याच्या शोभेपुरती, हा तिसरा. तिन्ही आरोप तपासून पाहण्याजोगे आहेत.

पहिला आरोप करणाऱ्यांना आमची विनंती आहे, की त्यांनी प्रथम आपल्या छत्रपती संभाजीनगरातील कॅथेड्रलच्या नावाकडे पाहावे. हे कॅथेड्रल संत फ्रान्सिस दि सेल्स यांचे. भक्तिमय जीवनाविषयीच्या, १६०९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या विख्यात ग्रंथाची प्रस्तावना या संताने एका फुलवालीच्या गोष्टीने सुरू केली आहे. ग्लिसेरा नावाची ही ग्रीक फुलवाली त्याच त्या फुलांचे नाना परींचे गुच्छ बांधी आणि पौसियस नावाचा चित्रकार त्या विविधतेची बरोबरी रंगांनी करू पाही. अखेर तो थकला. धर्मोपदेशाच्या ग्रंथाच्या उंबरठ्यावर एका बिशपला फुले आणि चित्रकार आठवावेत आणि त्याच बिशपचे नाव लावणाऱ्या धर्मप्रांतात फुलांचे चित्र धार्मिक नाही म्हणून पडवीत ठेवले जावे, याला काय म्हणावे?

आणि खुद्द प्रभूचे काय? डोंगरावरील प्रवचनात त्याने चिंताग्रस्त माणसांना रानातल्या फुलांकडे बोट दाखवले. त्या फुलासाठी मराठी बायबलमध्ये ‘भूकमळ’ हा शब्द आला. परक्या लिलीचे नाव जसेच्या तसे न आणता आपल्या कमळाशी नाते सांगणारा शब्द भाषांतरकारांनी पत्करला. त्याही आधी, १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त मराठीची थोरवी गाताना फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूला मोगरा आठवला होता. शब्दांत आमच्या पूर्वसूरींनी जे केले, ते रंगांत करण्याचे धैर्य आम्हांला नाही. आमच्या वेदीवर प्लास्टिकची लिली आहे, भिंतीवर ट्युलिप आहे. पळसाला मात्र जागा नाही.

बंदरांविषयीही हेच. प्रभूचे पहिले शिष्य गालिलाच्या किनाऱ्यावर जाळी टाकीत आणि नीट करीत असताना त्याला भेटले, आणि लोकसमुदायाला त्याने होडीत बसून शिकवले. होड्या आणि जाळी धार्मिक नसतील, तर शुभवर्तमानाची कित्येक पाने आम्हांला फाडून टाकावी लागतील. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात असिसीकर संत फ्रान्सिस यांची एक आठवण दिली आहे. मठाच्या बागेतील एक भाग मुद्दाम न नांगरता सोडावा, म्हणजे तेथे रानफुले उगवतील आणि त्यांना पाहणाऱ्याचे मन निर्माणकर्त्याकडे वळेल, असा या संताचा आग्रह होता. चित्रकार दुसरे काय करतो? इतरांनी नांगरून टाकलेल्या नजरेतला एक तुकडा तो रानफुलांसाठी राखून ठेवतो.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे आणि तो करणाऱ्यांविषयी आम्हांला आदर आहे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या प्रदेशात शेतकऱ्याच्या घरी अकाली दुःख येते, तेथे फुले रंगवायला मन होते तरी कसे, असा प्रश्न आमच्या एका कार्यकर्त्या मित्राने आम्हांला विचारला होता. आम्ही त्याला क्लोद मोने या फ्रेंच चित्रकाराची हकीकत सांगितली. १८८३ पासून तो जिव्हर्नी या गावी राहिला, तेथे त्याने बाग केली, तळे केले, कमळे लावली. पहिले महायुद्ध पेटले, शेजारची माणसे गाव सोडून गेली, तरी तो आपल्या तळ्याकाठी भव्य फलकांवर कमळे रंगवीत राहिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये युद्धविराम झाला आणि दुसऱ्याच दिवशी त्याने या मालिकेतील चित्रे राष्ट्राला देऊ केली. १९२७ पासून ती पॅरिसच्या ऑरांजरीत सर्वांसाठी खुली आहेत. रणभूमीवरून परतलेल्या देशाला एका म्हाताऱ्याने कमळांचे तळे दिले. याला पलायन म्हणावयाचे असेल, तर सांत्वन कशाला म्हणावे?

शिवाय आमच्या मातीचे फूल दुष्काळाला अनोळखी नाही. तरवड पाहा. माळावर, सडकेच्या कडेला, जेथे दुसरे काही तग धरीत नाही, तेथे तो पिवळाजर्द फुलतो. गुरे त्याला सहसा तोंड लावीत नाहीत; त्याच्या सालीवर कातडी कमावली जात असे. पळस पाने गाळून मग पेटतो. ही फुले रंगवणारा चित्रकार मराठवाड्याचे कोरडेपण विसरलेला नसतो. ते त्याने आपल्यापेक्षा अधिक निरखलेले असते. आणि जे निरखलेले नसते, ते नाहीसे झाले तरी कोणाला कळत नाही. पालघर जिल्ह्यात वाढवण येथील ७६,२२० कोटी रुपयांच्या बंदराला केंद्र सरकारने जून २०२४ मध्ये मंजुरी दिली. तेथील मच्छीमारांनी त्याला दीर्घकाळ विरोध केला आहे. बंदर व्हावे की न व्हावे, हा वाद येथे काढण्याचे कारण नाही. पण त्या किनाऱ्याचे आजचे रूप, त्या होड्या, ती सुकत घातलेली मासळी, ही उद्या आठवणीत राहावीत असे वाटत असेल, तर आज कोणीतरी तेथे बसून ती रंगवली पाहिजेत. त्या माणसाला रिकामटेकडा म्हणणे हा अन्याय आहे.

तिसऱ्या आरोपातील अर्धे सत्य आम्ही आधीच मान्य करून टाकतो. फुलांची आणि बंदरांची पुष्कळशी चित्रे आळशी असतात. हॉटेलांच्या दर्शनी दालनांत लटकणारे सूर्यास्त कोणत्याही समुद्राचे नसतात. हा आळस आम्ही लहानपणापासून शिकवतो. आमच्या मुलांना चित्र काढावयास सांगा. दोन त्रिकोणी डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, खालून येणारी नदी, एक झोपडी आणि तिच्याशेजारी नारळाचे झाड! जालन्याच्या आणि बीडच्या मुलाच्या अंगणात बाभूळ असते, लिंब असतो. कागदावर मात्र नारळ. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षांना आम्ही मुलांना बसवतो, ते बहुधा दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून. गुण मिळाले, की रंगांची पेटी माळ्यावर जाते. दोष फुलाच्या चित्राचा नाही. न पाहता काढलेल्या चित्राचा आहे.

जे पाहून काढतात, त्यांचे काम जुनाट कसे? ज्या चित्रावरून दृक्‌प्रत्ययवादाला नाव मिळाले, ते मोनेचे १८७२ मधील चित्र एका बंदराचेच आहे. ल हाव्ह्र बंदरातील सूर्योदयाचे. दूर कशाला जा? पुण्याचे मिलिंद मुळीक अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन जलरंगांकडे वळले आणि त्यांच्या पुस्तकांनी महाराष्ट्रातील कितीतरी हौशी माणसांना उघड्यावर बसून चित्र काढण्याची सवय लावली. बंगळूरच्या निरुपा राव यांनी पश्चिम घाटातील वृक्षांची आणि वनस्पतींची चित्रे शास्त्रज्ञांच्या सहकार्याने काढली आहेत. पानाची शीर चुकली तर चित्र चुकले, असा हा कठोर अभ्यास. गोव्याचे डॉ. सुबोध केरकर यांनी वैद्यकी सोडली, जलरंगांनी आरंभ केला आणि पुढे शिंपले, वाळू आणि जुन्या होड्यांचे लाकूड हीच आपली सामग्री केली. पिळर्ण येथे २०१५ साली त्यांनी उभारलेले ‘म्युझियम ऑफ गोवा’ ज्याने पाहिले, तो समुद्रकिनाऱ्याला शोभेची वस्तू म्हणणार नाही.

आणि आम्ही कोठे राहतो, याचा विसर पडावा काय? आमच्या शहरापासून शंभरेक किलोमीटरवर अजिंठा आहे. तेथील छतांवर सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या कलावंतांनी कमळे, वेली आणि फळे रंगवली. त्या कमळाने पुढे पैठणीच्या पदरावर जागा मिळवली. आमच्या भगिनी लग्नाच्या मिस्साला ती नेसून येतात. दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तर तीन डोलकाठ्यांचे, घडे रचलेले एक गलबत आहे. पूर्ण नावाच्या सोपाऱ्याच्या व्यापाऱ्याच्या कथेतील ते असल्याचे अभ्यासक मानतात. सोपारा म्हणजे आजचे नालासोपारा, आमच्या हजारो बंधुभगिनींच्या वसई तालुक्यातले. समुद्रापासून सुमारे तीनशे किलोमीटर आत, अंधाऱ्या लेण्याच्या भिंतीवर, कोणीतरी किनाऱ्याचे गलबत आणून सोडले. बौद्ध भिक्षूंच्या विहाराला फुले आणि गलबत अधार्मिक वाटले नाही. मग पळस आणि वसईची होडी यांनी आमच्या श्रद्धेला काय अपाय होणार आहे?

आपल्यातल्या चित्रकाराला पडवीत ठेवण्याची आमची सवय मात्र जुनी आहे. आंजेलो द फोन्सेका हे फुलांचे चित्रकार नव्हेत, पण त्यांचे उदाहरण येथे विसरता येत नाही. १९०२ साली गोव्यात जन्मलेल्या या चित्रकाराने अवनींद्रनाथ ठाकुरांकडे बंगालमध्ये शिक्षण घेतले आणि पवित्र मारियेला साडी नेसवून आपल्या घरातील आई केले. गोव्यात त्यांच्या वाट्याला रोष आला. आश्रय मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात. १९६७ साली ते निवर्तले. आज त्यांची चित्रे पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आदराने जपली आहेत आणि अभ्यासक ती पाहावयास येतात. मृत्यूनंतरचा सन्मान स्वस्त असतो. त्यात चित्रकाराला काही द्यावे लागत नाही.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक धर्मग्रामाने वर्षाकाठी निदान एक मूळ चित्र विकत घ्यावे. ‘विकत’ हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो. सुताराला आपण मजुरी देतो, चित्रकाराकडे मात्र भेट मागतो. बालसभेच्या चित्रकला स्पर्धा सभागृहात न घेता पावसाळा सरताना गौताळ्याच्या रानात किंवा मकबऱ्याच्या बागेत घ्याव्यात, आणि समोर नसलेले नारळाचे झाड काढणाऱ्याला बक्षीस देऊ नये. शासनाचे कला महाविद्यालय आपल्याच शहरात आहे, तेथे जाऊ इच्छिणाऱ्या मुलीला किंवा मुलाला “पोटाचे काय?” एवढे विचारून गप्प करू नये. पोटाचा प्रश्न खरा आहे, पण तो सोडवण्याचा पहिला वाटा आपलाच आहे. आपणच जर चित्र घेणार नसू, तर त्याच्या उपासमारीचे भाकीत करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

ती चार चित्रे अद्याप त्या पडवीतच आहेत, असे आम्हांला परवा कळले. पावसाच्या ओलीने एकाचा कोपरा फुगला आहे; होड्यांचे आहे ते. नाताळ पुन्हा येईल. फ्लेक्स छापणाऱ्याकडे जाण्यापूर्वी धर्मग्रामाच्या जबाबदार मंडळींनी एकदा त्या पडवीत जावे, चारही चित्रे उजेडात आणावीत आणि त्या तरुणाला त्याच्या चौकटींचे, कागदाचे, रंगांचे आणि कष्टांचे पैसे द्यावेत. गव्हाणीमागे यंदा पळस फुलू द्यावा. बाळ येशूला त्याची ओळख पटणार नाही, अशी भीती कोणी बाळगू नये. ते झाड त्याच्याच पित्याने लावले आहे.